धाकट्याची मान: ऑस्प्रेच्या घरट्यावरच्या एका निरीक्षणवहीचं प्रकरण

वहीचं ते पान मी फाडलं नाही. ५ जून २०२४, रात्रीची पाळी. सातवीतल्या एका मुलीचं गोल, ठळक अक्षर: ‘धाकटा आज दोनदाच मान वर धरून थांबला. बाकी वेळी मान लगेच खाली गेली. तो दमला.’ या तिन्ही वाक्यांवर लाल पेनाची रेघ आहे आणि बाजूला शेरा: ‘हे वाटलं. दिसलेलं लिही.’ रेघ माझी, शेराही माझाच. धाकटा म्हणजे ऑस्प्रे या मासे पकडणाऱ्या शिकारी पक्ष्याच्या, आम्ही कॅमेऱ्यातून पाहत होतो त्या घरट्यातलं सर्वांत लहान पिल्लू. चार दिवसांनी ते मेलं.

त्या रेघेपर्यंत आम्ही कसे पोचलो आणि पुढे वहीचं काय केलं, ते इथे लिहितो आहे. शाळेत निसर्ग-नोंदी करून घेणाऱ्या शिक्षकांना कदाचित कामी येईल.

तलावावरची खोटी बातमी

मी गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगावच्या बाजूला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. गावाचं नाव लिहीत नाही. हिवाळ्यात तलावावर येणाऱ्या एका पक्ष्यामागे लांब लेन्सवाल्यांच्या गाड्या लागू नयेत, एवढाच हेतू. गावाला मालगुजारी तलाव आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात असे तलाव गावोगाव सापडतात. धानाला पाणी मिळावं म्हणून कोहळी समाजातल्या माणसांनी ते बांधले, नाव मात्र मालगुजारांचं लागलं.

त्या वर्षीच्या जानेवारीत सहावीतला एक मुलगा धापा टाकत आला. “सर, मासेमार घारीनं घर केलं जी! रोज मासोळी घेऊन त्याच झाडावर जाते.”

तलावाच्या कडेला एक वाळलेलं अर्जुनाचं झाड आहे. खालच्या बेचक्यात काटक्यांचं घरटं होतं, त्यात साडीच्या चिंध्या आणि प्लास्टिकची पिशवी खोचलेली. ते साध्या काळ्या घारीचं. त्याच्या बरंच वर, सालही न उरलेल्या शेंड्यावर ऑस्प्रे बसली होती. पांढरं डोकं, डोळ्यावरून मानेकडे गेलेला काळपट पट्टा, पोट पांढरं, पायाखाली अर्धा खाल्लेला मासा. झाडाखाली खवले आणि कल्ल्यांची झाकणं पडलेली. पोराची नोंद पक्की होती. पक्षी तोच, झाड तेच आणि मासा रोजचाच. चुकला होता तो फक्त शेवटचा सांधा: मासा झाडावर नेते म्हणजे तिथे पिल्लं असणार. ती तिथे जेवायला जात होती.

ऑस्प्रे आपल्याकडे हिवाळी पाहुणी. पावसाळा सरता सरता येते, उन्हाळा तापायच्या आत उत्तरेला निघून जाते. विदर्भात ती अंडी घालत नाही. हे सांगितल्यावर वर्गाचा चेहरा पडला. “मंग पिल्लं कुठं काढते?” या प्रश्नातून पुढचं सगळं निघालं.

नऊ आणि नऊ

ब्रिटनमध्ये ऑस्प्रेच्या काही घरट्यांवर कॅमेरे लावलेले आहेत आणि त्यांचं थेट चित्र कोणालाही फुकट पाहता येतं. त्यामागे मोठी गोष्ट आहे. स्कॉटलंडमधून हा पक्षी १९१६ च्या सुमारास संपला होता. बंदुका, अंडी गोळा करणाऱ्यांचा शौक आणि माशांवरून असलेला राग, अशी कारणं. १९५४ साली एक जोडी पुन्हा आली. १९५८ मध्ये लॉक गार्टन तळ्याजवळच्या घरट्यातली अंडी चोरीला गेली. तेव्हा तिथल्या पक्षी संरक्षण संस्थेने दुसऱ्या वर्षी उलटाच डाव टाकला. घरटं लपवण्याऐवजी १९५९ पासून लोकांनाच बघायला बोलावलं, म्हणजे राखणदार आपोआप वाढले. आजचे कॅमेरे त्याच युक्तीचं पुढचं पाऊल म्हणायला हरकत नाही. (गावाचं नाव लपवणाऱ्या माझ्यासारख्याला हे जरा टोचतं, ते मान्य.)

आम्ही स्कॉटलंडमधलंच, तळ्याकाठच्या पाइनच्या शेंड्यावरचं एक घरटं निवडलं. पोरांना पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगितलं की ही आपल्या तलावावरची नाही. स्कॉटलंडच्या ऑस्प्रे हिवाळ्यात पश्चिम आफ्रिकेत जातात, सेनेगल-गाम्बियाकडे. आपल्याकडे येतात त्या आशियाच्या उत्तर भागातून. तरी काहींनी मनातल्या मनात तिला ‘आपली’च ठरवली होती, आणि मी फार ताणलं नाही.

शाळेत भिंतीवर एक टीव्ही आहे. त्याला माझा फोन जोडायचा, डेटा माझाच. चित्र बरेचदा चौकोन-चौकोन व्हायचं, लाइन जायची ती वेगळीच. पण वेळेचं गणित आमच्या बाजूने होतं. उन्हाळ्यात स्कॉटलंडचं घड्याळ आपल्या साडेचार तास मागे. आपल्याकडे सकाळचे नऊ म्हणजे तिकडे पहाटेचे साडेचार, आपल्याकडे रात्रीचे नऊ म्हणजे तिकडे दुपारचे साडेचार. ते थेट चित्र बारा तास मागे नेता यायचं. म्हणजे सकाळी नऊला आणि रात्री नऊला बसलं आणि भराभर मागे नेत पाहिलं, की अख्खा दिवस डोळ्यांखालून जातो. हे कोष्टक आठवीतल्या एका मुलाने फळ्यावर मांडलं. मला ते सुचलं नव्हतं.

मे महिन्यात नऊची वेळ सोयीची पडायचं आणखी एक कारण होतं. तेंदूपत्त्याचा हंगाम. घरची माणसं पहाटे अंधारात जंगलात जातात, पोरंही जातात, उन्हं चढायच्या आत परत येऊन पुडे बांधायला बसतात. नऊला पोरं मोकळी व्हायची, बोटं पानांच्या चिकाने काळी झालेली. वहीच्या मेमधल्या पानांवर ते ठसे अजून आहेत.

एप्रिलबद्दल फार सांगण्यासारखं नाही. तीन अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतराने आली. तिसरं आलं तेव्हा मी मतदान केंद्रावर होतो. १९ एप्रिलला आमच्याकडे लोकसभेचं मतदान होतं आणि शाळेची खोलीही त्यातच गुंतलेली. नंतर पाच-साडेपाच आठवडे मादी बसून, मध्येच नर मासा देऊन तासभर बसणार, मादी जेवून येणार, पुन्हा बदली. अकरा पोरांतली चार या कंटाळ्यात गळाली.

दिसलं आणि वाटलं

वहीत मी पाच रकाने आखले होते: वेळ, नर की मादी, मासा आला का, केवढा, कोणत्या पिल्लाला किती घास. पहिल्या आठवड्यातल्या नोंदी अशा: ‘बाप रुसला.’ ‘आईला गरम होऊन राहिलं.’ ‘बाप आळशी आहे, झाडावरच बसून राहते.’ हे वाचून मी प्रत्येक पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे ‘दिसलं’, उजवीकडे ‘वाटलं’. डावीकडचं मोजायचं, उजवीकडचं मनोरंजन. असं मी शब्दांत म्हटलं नाही, पण लाल पेन नेहमी उजव्या बाजूवरच चालायचं आणि पोरांना ते कळत होतं. दहा दिवसांत उजवी बाजू कोरी पडायला लागली. मला वाटलं, शिस्त लागली.

पिल्लं निघाली ती २३ मेपासून. पहिलं आणि तिसरं यांच्यात पाच दिवसांचं अंतर पडलं. मादी पहिलं अंडं घातल्यापासूनच ऊब द्यायला बसते, म्हणून अंडी जशी घातली जातात तशीच पुढेमागे फुटतात. पाच दिवस ऐकायला थोडे वाटतात. पण धाकटं मुठीएवढं होतं तेव्हा थोरलं त्याच्या दुप्पट दिसायचं. पहिल्या दिवसांत सगळी पांढुरक्या लवेची आणि डोळ्यावर काळी पट्टी, म्हणजे आईचीच लहान प्रत. दहा-बारा दिवसांनी ती लव जाऊन दुसरी काळपट लव येते. तेव्हा पोरं म्हणाली, “सरडा हाये थो, पक्षी नाई.”

भरवणं बघण्यासारखं असतं. मासा नर आणतो, पण पिल्लांना शक्यतो मादीच भरवते. ती मासा पंज्याखाली दाबते, चोचीने वाटाण्याएवढा तुकडा तोडते, मान वाकडी करून पिल्लाच्या चोचीशी नेते आणि थांबते. पिल्लाने उचलायचा. तीक्ष्ण आकडीसारख्या त्या चोचीतून इतका बारीक तुकडा इतक्या हळू जातो की आमची खोली चिडीचूप व्हायची. घास कोणाला? ज्याची मान वर आणि जवळ त्याला. ती कोणाची पाळी मोजत नाही. पिल्लं शी करायला मागे सरकत काठावर येतात आणि घरट्याबाहेर पिचकारी मारतात. हे एवढं लोकप्रिय झालं की त्यासाठी वेगळा रकाना मागण्यात आला. दिला.

वारा

जूनच्या पहिल्या आठवड्यात तिकडे गारठा आणि वारा सुरू झाला. आमच्याकडे त्याच वेळी अंगाची लाही होत होती. शाळेच्या खोलीत कूलर आहे, म्हणून एका मुलाचे आजोबाही रात्री येऊन बसू लागले. ते ढिवर. चाळीस-पन्नास वर्षं याच तलावात जाळं टाकलेलं. पोरं त्यांना आबाजी म्हणतात, मीही म्हणतो.

६ जूनच्या रात्री आम्ही दिवस मागे नेऊन पाहिला. साडेचार वाजेपर्यंत दोनच मासे. नर घरट्याशेजारच्या फांदीवर वाऱ्याकडे तोंड करून नुसता बसलेला. आठवीतल्या मुलाने जाहीर केलं, “बाप आळशी.” आबाजी भिंतीला टेकून होते. म्हणाले, “बाप नाई गा आळशी. मांगचं पाणी पाय. फुटलं हाये. लाटेत मासोळी दिसते का? अशा वाऱ्यात मीबी डोंगा काढत नाई.”

कॅमेऱ्याच्या कोपऱ्यात तळ्याचा एक तुकडा दिसायचा. सहा आठवडे दिसत होता. आमच्यातल्या एकानेही तो पाहिला नव्हता. ऑस्प्रे वरून पाण्यात मासा हेरते, पाय पुढे टाकून झेपावते आणि पृष्ठभागाजवळचाच मासा पकडू शकते. साधारण तीन फुटांपलीकडे तिची बुडी जात नाही. पाणी फुटलेलं असलं की हेरणंच अवघड. पुस्तकातला हा परिच्छेद आबाजींनी दोन वाक्यांत संपवला. त्या रात्री मी वहीत सातवा रकाना आखला: पाणी.

दुसरा मासा आला तो डोक्याविना. मुली चिडल्या. पिल्लं उपाशी आणि बाप आधी स्वतः खातो म्हणजे काय! नर पुष्कळदा डोक्याकडचा भाग खाऊनच मासा घरट्यावर आणतो, हे मी सांगणार तेवढ्यात आबाजी म्हणाले, “पकडणाऱ्यानं खाल्लं नाई त उद्या पकडन कोण?” यावर कोणी काही बोललं नाही.

मासा कसा धरला आहे, हेही त्यांनीच दाखवलं. डोकं नसलं तरी मासा अंगाच्या रेषेत सरळ, रुंद बाजू पुढे. “आडवा धरला त वारा लागते.” ऑस्प्रेच्या पायाचं बाहेरचं बोट मागे फिरतं, त्यामुळे तिला दोन बोटं पुढे आणि दोन मागे अशी पकड घेता येते. तळव्याला काट्यांसारखी खरखर असते, म्हणून निसटता मासाही सुटत नाही. पोरांनी आपापले तळवे उघडून पाहिले. आबाजींनीही पाहिला.

७ जूनला एकच मासा. ८ जूनला तीन, पण बोटभर लांबीचे.

८ जूनचा शेवटचा घास आम्ही दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिला, मागे नेऊन. तिकडची संध्याकाळ. तिसरा छोटा मासा. थोरलं आणि मधलं आईच्या दोन्ही बाजूंना. धाकटं त्यांच्या मागे, घरट्याच्या खळग्यात. दोघांचे घास चालू. मग थोरल्याने मान फिरवली, पोट भरलं असावं, आणि मध्ये जागा झाली. धाकट्याने मान वर केली. ती डुलत होती. आईने तुकडा तोडला, त्याच्या चोचीपाशी नेला आणि थांबली. त्याने चोच उघडली, तुकडा निसटून काटक्यांवर पडला. मधल्याने उचलला. आईने पुन्हा तोडला, तोवर धाकट्याची मान खाली गेली होती. उरलेलं शेपूट तिने स्वतः खाल्लं.

त्याच सकाळी, थेट चित्रात, धाकटं खळग्याच्या काठावर मान टाकून पडलेलं होतं आणि हलत नव्हतं. पाऊस पडत होता. आईने पंख अर्धे उघडून दोघांवर धरले होते, एका पंखाखाली तेही होतं. दुपारी नर मासा घेऊन आला. चांगला मोठा.

“फोन लावा ना जी”

आदल्या दिवशीच पोरं मागे लागली होती. “सर, तिथल्या लोकायले फोन लावा ना जी. मासोळी ठेवतीन घरट्यात.” मी टाळलं. कोणत्या भाषेत काय सांगणार, तेही तेच चित्र पाहत असतील, असं काहीतरी म्हणालो. पिल्लू मेल्यावर मात्र टाळता येईना, म्हणून १० जूनला वहीऐवजी यावरच बसलो.

मी त्यांना वेल्समधल्या डव्ही नदीकाठच्या घरट्याची हकीकत सांगितली. जून २०१२ मध्ये तिथे वादळी पाऊस झाला, तीनपैकी दोन पिल्लं गेली. तिसरंही जाणार असं दिसल्यावर तिथले कार्यकर्ते घरट्यापर्यंत चढले आणि त्यांनी पिल्लाला मासा भरवला. ते वाचलं. त्याचं नाव केलान ठेवलं. शरद ऋतूत ते हजारो किलोमीटर उडून सेनेगलला पोचलं आणि तिथे मासेमारीच्या जाळ्यात अडकून मेलं.

हे सांगायला नको होतं असं मला सांगता सांगताच वाटलं. पण आबाजींनी विचारलं, “कोणतं जाळं? तंगूस?” आणि चर्चा भलत्याच वाटेने गेली. तंगुसाचं, म्हणजे बारीक नायलॉनच्या दोऱ्याचं, जाळं पाण्यात दिसत नाही, म्हणून माशाला फसवतं. म्हणूनच पक्ष्यालाही. आपल्या तलावातही पाणकावळे अडकतात, त्यांनी स्वतः कापून सोडलेले आहेत. तुटलेले तुकडे बाभळीला लटकलेले असतात, ते पोरांनीही पाहिलेले.

हस्तक्षेपावर मात्र एकमत झालं नाही, आणि मी करायचा प्रयत्नही केला नाही. एक मुलगा म्हणाला, “कोंबडीचं पिल्लू मागं राहिलं त आपण उचलतोच ना?” एक मुलगी म्हणाली, “थे आपली कोंबडी हाये. हे कोणाची?” माझं स्वतःचं मत असं की वारा, पाऊस आणि भावंडांची मारामारी यात हात घालू नये. घरट्यावर माणूस चढला तर आई बराच वेळ दूर राहते, उरलेली पिल्लं गारठतात, मोठी असतील तर घाबरून वेळेआधी उडी घेतात. स्कॉटलंडमध्येच लॉक आर्केग इथल्या घरट्यातली अंडी २०१८ साली पाइन मार्टेन नावाच्या, आपल्या मुंगसासारख्या चपळ प्राण्याने खाल्ली, तीही कॅमेऱ्यासमोर. त्यालाही पिल्लं असतातच. पण डव्हीच्या माणसांना मी चूक म्हणू शकत नाही. मी तिथे असतो तर शिडी धरायला नक्की गेलो असतो.

वही पुन्हा उघडली

पोरं दोन दिवस आली नाहीत. मी वही घेऊन बसलो. तोपर्यंत माझी समजूत सरळ होती: ६ जूनला वारा सुटला, मासे कमी झाले, धाकटं उपाशी मेलं. रकानेही तेच सांगत होते. ५ जूनच्या दिवसभरात पाच मासे आले होते, त्यातले दोन मोठे. म्हणजे ५ जूनपर्यंत सगळं ठीक.

आणि त्याच पानावर लाल रेघेखाली ती तीन वाक्यं.

पाच मासे आले त्या दिवशीही धाकट्याची मान वर राहत नव्हती. मागची पानं चाळली. ४ जूनला डाव्या बाजूला, घासांच्या आकड्यांत हरवलेली एक नोंद सापडली: ‘थोरल्याने धाकट्याला टोचलं, ३ वेळा.’ ऑस्प्रेच्या घरट्यात थोरलं पिल्लू धाकट्याला टोचून दाबतं, आणि दबलेलं पिल्लू मार चुकवायला मान खाली घालून पडून राहतं. आई मात्र वर असलेल्या मानेलाच घास देते. म्हणजे वारा यायच्या आधीच गोष्ट सुरू झाली होती, पाच दिवसांच्या अंतरातून. वाऱ्याने ती संपवली. मासे भरपूर आले असते तर थोरल्यांची पोटं लवकर भरून धाकट्याला वाव मिळाला असता, म्हणून वाऱ्याचा वाटा आहेच. पण माझी तारीख चुकली होती.

त्या मुलीच्या तीन वाक्यांत पहिली दोन चक्क निरीक्षणं होती. दोनदा मान वर, बाकी वेळा खाली. मोजता येणारी, दुसऱ्याने तपासावी अशी. फक्त ‘तो दमला’ हा तिचा अंदाज, आणि तो बहुधा चुकीचा. ते दमलं नव्हतं, दबलं होतं. मी एका चुकीच्या अंदाजासाठी दोन बरोबर नोंदी कापल्या. का? कारण मानेसाठी माझ्या वहीत रकाना नव्हता. ज्याला रकाना नाही ते ‘वाटलं’, अशी माझी व्याख्या नकळत होऊन बसली होती.

तपासायला चित्र मागे नेणं शक्य नव्हतं. बारा तासांची मुदत केव्हाच उलटून गेलेली. त्या संध्याकाळचा पुरावा म्हणून आमच्याकडे खोडलेल्या तीन ओळी होत्या, तेवढंच.

मग बाकीची खोडाखोडही वाचली. सगळीच सोनं निघाली असं नाही. ‘बाप रुसला’ हे आजही कापलेलंच बरं. पण मेमधल्या एका पावसाच्या दिवशी एकाने लिहिलं होतं, ‘आईने छत्री केली’, आणि मी शेरा मारला होता ‘कविता नको’. ९ जूनला पिल्लांवर धरलेले ते अर्धे उघडे पंख मी स्वतः वहीत चार ओळी खर्चून लिहिले होते. पोराने तेच तीन शब्दांत लिहिलेलं.

हे सगळं त्या मुलीला सांगितलं. माफी वगैरे मोठा शब्द वापरला नाही, पान उघडून दाखवलं. ती बराच वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, “मी मोजलं होतं सर. सात वेळा खाली गेली. सात लिहिलं नाही.” काहून नाही लिहिलं, असं विचारल्यावर ती टीव्हीकडे बघू लागली. मला उत्तर माहीत होतं.

मधली रेघ काढून टाकली. आता ‘वाटलं’ कुठेही लिहायला मुभा आहे, फक्त त्याच्या पुढे ‘कशावरून?’ लिहून उत्तर द्यायचं. उत्तर नसेल तर ‘कशावरून?’ तसंच उघडं ठेवायचं, खोडायचं नाही. लाल पेन मी वहीपासून लांब ठेवलं आहे. याने नोंदी लांबल्या, दोन पोरांना हे फार किचकट वाटतं, आणि एकजण प्रत्येक ‘कशावरून’ला ‘डोळ्यांवरून’ लिहितो.

उडाण

जुलैत शाळा सुरू झाली आणि पाठोपाठ रोवणी. मोठी पोरं बांधीत, चिखलात. उरलेली दोन पिल्लं तोवर आईएवढी झाली होती. काठावर उभी राहून पंख फडफडवायची, हातभर वर उचलली जायची, पुन्हा काटक्यांवर आदळायची. पहिलं उडाण १५ जुलैच्या सुमाराला झालं, वयाच्या त्रेपन्न-चोपन्नाव्या दिवशी. थेट कोणीच पाहिलं नाही. रात्री नऊला मागे नेऊन तिघांनी पाहिलं: थोरलं उभं आहे, वारा आहे, पंख उघडे आहेत, आणि मग घरट्यात एकच पिल्लू आहे. नोंद करणाऱ्याने लिहिलं, ‘वाटलं, पडलं. कशावरून? खाली गेलं. मग तळ्यावरून वर आलं. पडलं नाही.’

ऑगस्टमध्ये मादी आधी निघून गेली. नर मागे राहून पिल्लांना मासे पुरवत होता, तेही थांबलं. पिल्लांना वाट दाखवायला कोणी बरोबर जात नाही. ती एकटीच दक्षिणेला निघतात आणि दोन-तीन वर्षं तिकडेच राहतात. रिकामं घरटं महिनाभर टीव्हीवर लागायचं. पोरं सवयीने बघायची, पाणी शांत आहे की फुटलं आहे ते लिहायची.

आमच्या तलावावरची ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात आली. तीच मुलगी, आता आठवीत. नोंद तिची: ‘सकाळी ७.२०. आली. वाळलेल्या झाडाच्या शेंड्यावर. पाणी शांत. वाटलं, मागच्या वर्षीचीच. कशावरून? त्याच फांदीवर, तलावाकडे पाठ करून बसली. पायात कडं नाही. कशावरून?’

(कडं म्हणजे ओळख पटावी म्हणून अभ्यासक पक्ष्याच्या पायात घालतात ते.) शेवटचा ‘कशावरून?’ उघडा आहे. ती लिहीत होती तेव्हा आबाजी पलीकडच्या काठाने डोंगा नेत होते. ऑस्प्रे उठली, दोन चकरा घेऊन पाण्यावर थबकली, पाय टाकून आदळली आणि रिकामीच वर आली, अंग झटकत. आबाजी वल्हं वर धरून थांबले होते, पाणी हलू नये म्हणून. ती पुन्हा फिरली तरी त्यांनी वल्हं खाली घेतलं नव्हतं.